संगणक बूट का होत नाही? डिस्कच्या बिघाडाचा आणि त्याच्या निदानाचा इतिहास



आजचा विषय अगदी घरातला आहे. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबावं, पंखा फिरतो, दिवा लागतो, कंपनीचं नाव पडद्यावर येतं, आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ उमटते. पुढे काही नाही. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच ओळ. मग घरातलं कुणीतरी जाणकार म्हणतं, "हार्ड डिस्क उडाली असणार."

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं लक्ष त्या शेवटच्या शब्दाकडे जातं. 'असणार'. डिस्क उडालेली कुणी पाहिलेली नाही. ती पेटीत बंद आहे, आणि पेटी उघडली तरी डोळ्यांना काही कळणार नाही. म्हणजे हे प्रत्यक्ष नाही, हे अनुमान आहे. दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्या कारणाकडे आपण गेलो. हे जाणं कधी बरोबर असतं, कधी चुकतं, याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी शतकानुशतकं केला. आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत संगणकवाल्यांनी तोच विचार आपल्या पद्धतीने, बराचसा ठेचा खात केला. आज त्या दुसऱ्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे. पहिला अधूनमधून मदतीला येईल.

तीन प्रश्न घेऊ. यंत्र चालू होणं म्हणजे काय? डिस्क बिघडते म्हणजे काय होतं? आणि ते आपल्याला कळतं कसं? शेवटी, कळल्यावर आधी काय करायचं, याकडे येऊ. कारण बहुतेकांचं नुकसान डिस्क बिघडल्यामुळे जेवढं होतं, त्याहून जास्त पुढच्या तासाभरात केलेल्या खटपटींमुळे होतं.

स्वतःच्या खांद्यावर चढणं

संगणक आज्ञावली वाचतो आणि तसं वागतो. पण चालू होताना त्याच्या स्मृतीत काहीच नसतं. मग आज्ञावली स्मृतीत आणायची कुणी? तर आज्ञावली आणणाऱ्या दुसऱ्या एका आज्ञावलीने. आणि तिला कुणी आणायचं? तिसरीने. ह्याला आपल्याकडे अनवस्था म्हणतात. नट कितीही कसलेला असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही, हा आपल्या शास्त्रकारांचा जुना दृष्टांत. इंग्रजीत त्याच अर्थाची एक कल्पना आहे, की आपल्याच बुटाच्या मागचा पट्टा धरून स्वतःला वर उचलायचं. त्या पट्ट्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात. आपण सहज म्हणतो ना, "कॉम्प्युटर बूट होत नाही", तो 'बूट' शब्द तिथून आला.

अनवस्था तोडायची तर कुठेतरी थांबावं लागतं. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली एडसॅक नावाचा संगणक तयार झाला. तिथे डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्याने यावर सुंदर तोड काढली. त्याने ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली लिहिली आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमची जोडून टाकली. बटण दाबलं की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरायच्या, आणि मग त्या कागदी पट्टीवरची मोठी आज्ञावली वाचायच्या. म्हणजे पहिली पायरी वाचलेली नाही, बांधलेली आहे. अनवस्था तिथे थांबली.

सगळ्यांना ही सोय नव्हती. १९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकाचे हौशी मालक पुढच्या फळीवरचे स्विच एकेक करून वरखाली करत, आणि सुरुवातीची आज्ञावली दर वेळी हाताने भरत. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. आज आपल्या घरातल्या यंत्रांची वंशावळ इथून सुरू होते. त्यात न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये 'बायोस' नावाची आज्ञावली बसवलेली होती. म्हणजे व्हीलरच्या स्विचांची पुढची पिढी. बायोस आधी यंत्राची तपासणी करी, मग फ्लॉपी शोधी. फ्लॉपी नसली तर त्या पहिल्या यंत्रात एक गंमत होती. ते रुसून बसत नसे, चिपमध्येच ठेवलेली बेसिक ही भाषा उघडून देई. १९८३ साली १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घातलेलं 'एक्सटी' हे मॉडेल आलं, आणि यंत्राचं उठणं डिस्कवर अवलंबून राहायला लागलं.

त्या काळात ठरलेली एक साखळी पुढे तीसेक वर्षं चालली. ती नीट समजून घ्या, कारण निदानाची किल्ली तिच्यात आहे. वीज मिळते. प्रोसेसर बायोस चालवतो. बायोस स्मृती, कीबोर्ड वगैरे तपासतो. मग डिस्कला विचारतो, "आहेस का?" तिने हो म्हटलं की तिच्या अगदी पहिल्या तुकड्यातले फक्त ५१२ बाइट वाचतो. त्यातले ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन सहीसारखे. ती सही जुळली तरच पुढे जायचं. मग हा इवलासा तुकडा पुढच्या तुकड्याला बोलावतो, तो आणखी मोठ्याला, आणि असं करत करत विंडोज किंवा लिनक्स उभं राहतं. हल्लीच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, तपशील बदलले आहेत, पण एकाने दुसऱ्याला हात देऊन वर घ्यायचं, ही रीत तीच आहे.

कुठवर आला?

म्हणून "का चालू होत नाही?" हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न, "कुठवर आला?"

दिवाच लागत नाही, तर डिस्कचा विचारसुद्धा करू नका. वीज, वायर, पॉवर सप्लाय बघा. दिवा लागतो, पण नुसतेच बीप बीप आवाज येतात आणि पडद्यावर काही नाही, तर बायोसच्या तपासणीत अडकलं. बहुधा रॅम नीट बसलेली नाही. ते बीप म्हणजे, पडदाच चालत नसेल तर बोलायचं कसं, म्हणून काढलेली खुणेची भाषा आहे.

कंपनीचं नाव दिसलं, पण सेटअपच्या यादीत डिस्कचं नावच नाही, तर बायोसने हाक मारली आणि ओ मिळाली नाही. वायर सैल असेल, डिस्कचं सर्किट गेलं असेल, किंवा आतला भाग फिरत नसेल. यादीत नाव आहे, पण "ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही" असा संदेश येतो, तर डिस्क ओ देते, पण तिचा पहिला तुकडा वाचता येत नाही किंवा त्यातला मजकूर बिघडला आहे. किंवा, आणि हे आधी बघायचं, यंत्र भलत्याच डिस्कवर शोधतंय. फ्लॉपीच्या जमान्यात कालची फ्लॉपी खाचेत विसरली की हाच संदेश यायचा. आज पेन ड्राइव्ह विसरला तरी येऊ शकतो.

आणि शेवटची अवस्था. विंडोजची खूण येते, ठिपके गोल गोल फिरतात, आणि दहा मिनिटं झाली तरी फिरतच राहतात. म्हणजे साखळीच्या बऱ्याच कड्या जुळल्या आणि पुढची एखादी फाइल वाचताना गाडी अडली.

इथे वैद्यकातला एक शब्द आठवतो. आपल्या जुन्या वैद्यांनी रोग ओळखायची पाच साधनं सांगितली: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीच्या खुणा, रूप म्हणजे लक्षणं, उपशय आणि संप्राप्ती. उपशय म्हणजे काय? रोग निश्चित कळत नसेल तर एखादा आहार किंवा औषध देऊन बघायचं, आराम पडतो की त्रास वाढतो, त्यावरून रोग ठरवायचा. दुरुस्तीवाला वायर बदलून बघतो, हीच डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून बघतो, तो उपशयच. दुसऱ्या यंत्रावर डिस्क चालली तर दोष डिस्कचा नव्हता. तिथेही नाही चालली, तर संशय पक्का झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी शिस्त मात्र हवी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर कळलं काहीच नाही.

डिस्क म्हणजे काय प्रकरण आहे

आता दुसरा प्रश्न. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली ते तयार झालं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर रचलेल्या होत्या. थाळ्यांची उतरंडच म्हणा. एवढ्या मोठ्या, सुमारे टनभर वजनाच्या कपाटात मावत किती? ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढी जागा खातो. वाचणारं टोक, ज्याला 'हेड' म्हणतात, तबकडीला टेकू नये म्हणून दाबलेल्या हवेचा झोत सोडून ते सुमारे २० मायक्रॉन वर ठेवलेलं असे.

पुढे १९६१ मध्ये हवेचा वेगळा झोत लागेनासा झाला. तबकडी फिरते, तिच्याबरोबर हवा फिरते, त्या हवेवरच हेड तरंगतं. १९७३ मध्ये आयबीएमने 'विंचेस्टर' या टोपणनावाने ओळखली जाणारी रचना आणली. तबकड्या आणि हेड एकाच बंद डबीत, धूळ आत जायला वाव नाही. हेड हलकं, आणि यंत्र थांबलं की वंगण लावलेल्या तबकडीवरच अलगद उतरणारं. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली आणि ही वस्तू टेबलावर आली.

या सगळ्या प्रगतीत एक अंतर सतत कमी होत गेलं, हेड आणि तबकडी यांच्यामधलं. रॅमॅकचे २० मायक्रॉन जाऊन आज ते काही नॅनोमीटरवर आलं आहे. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. खाली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आहे, वर केसाच्या काही हजाराव्या भागाएवढ्या उंचीवरून हेड चाललं आहे. इतक्या जवळून जायचं, कारण जवळून गेलं तरच बारीक अक्षर वाचता येतं. जागा वाढली ती जवळ गेल्याने, आणि धोका वाढला तोही जवळ गेल्यानेच.

त्यामुळे बिघाडाचे प्रकारही ठरून गेले. हेड तबकडीला घासलं तर वरचा चुंबकीय थर खरवडला जातो. तिथलं लिखाण गेलंच, शिवाय त्याचे कण आत उडून दुसरीकडे ओरखडे पाडतात. हेड जागा शोधतं, सापडत नाही, परत मूळ जागी येतं, पुन्हा शोधतं, तेव्हा ठरावीक अंतराने टक्‌ टक्‌ आवाज येतो. जुन्या डिस्कमध्ये हेड गुळगुळीत तबकडीला चिकटून बसे आणि मोटरला ती फिरवता येत नसे. आणि कधी यांत्रिक काही न होता नुसता थोडा भाग क्षीण होतो, वाचता येत नाही.

यंत्राचा समजूतदारपणा

आता तिसरा प्रश्न, कळतं कसं. इथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतलं.

बेल लॅब्जमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. शनिवार-रविवारी रिलेवर चालणाऱ्या संगणकाला काम लावून ते घरी जात. यंत्राला चूक ओळखता येई, पण ती ओळखली की ते काम टाकून पुढच्या कामाकडे वळे. सोमवारी येऊन बघावं तर काहीच झालेलं नाही. हॅमिंगना प्रश्न पडला, चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? त्यातून १९५० साली चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा त्यांचा निबंध आला. मजकुराबरोबर थोडी जादा माहिती अशी लिहायची की एखादं अक्षर पुसलं तरी बाकीच्यांवरून ते काढता यावं.

ही कल्पना पुढे डिस्कमध्ये शिरली. डिस्क वाचते तेव्हा थोड्याफार चुका होणं रोजचंच आहे. ती त्या आतल्या आत सुधारते आणि वर बरोबर उत्तर देते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिस्कचे दोष निदान उघड असत. नव्या कोऱ्या डिस्कवर कारखान्यातूनच एक चिठ्ठी चिकटवलेली येई, की अमुक अमुक जागा खराब आहेत. फॉरमॅट करताना ते आकडे हाताने भरायचे, म्हणजे यंत्र त्या जागा टाळे. मग डिस्कच्या आतच बुद्धी आली, नियंत्रण करणारं सर्किट तिच्या अंगावरच बसवलं गेलं. ती स्वतःच्या खराब जागा स्वतःच टिपू लागली, आणि राखीव जागांतून गुपचूप बदली देऊ लागली. चिठ्ठी गेली.

हा समजूतदारपणा चांगलाच. पण त्याचा परिणाम काय झाला? घरातला एखादा माणूस स्वतःचं दुखणं कुणाला सांगत नाही, चालता-बोलता असतो, आणि एक दिवस आडवा होतो. डिस्क तशी झाली. राखीव जागा आहेत तोवर वरून सगळं ठीक. त्या संपत आल्या की मगच बाहेर कळायला लागतं. त्याआधी एखादीच खूण दिसते: यंत्र संथ होतं. एखादा तुकडा एका फेरीत वाचला जात नाही, डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आपण म्हणतो, "कॉम्प्युटर जुना झाला, चालायचंच."

धूर आणि अग्नी

दुखणं लपतं आहे हे उत्पादकांनाही कळत होतं. १९९२ साली आयबीएमने बिघाड आधी ओळखण्याची सोय काही डिस्कमध्ये घातली. कॉम्पॅकनेही तसाच प्रयत्न केला, आणि १९९५ च्या सुमाराला अनेक उत्पादकांनी मिळून एक सामाईक पद्धत ठरवली. तिचं नाव 'स्मार्ट'. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते: किती तास चालली, तापमान किती, किती खराब जागांना बदली दिली, किती जागा संशयित आहेत. वैद्यांच्या भाषेत हे पूर्वरूप. काही आकडे मर्यादेबाहेर गेले की चालू होतानाच बायोस सूचना देतो, डिस्क लवकरच बंद पडेल, प्रत काढून ठेवा.

या नोंदवहीवर विश्वास किती ठेवायचा? दहा-बारा वर्षं याचं उत्तर अंदाजानेच दिलं जात होतं. मग २००७ साली एकाच परिषदेत दोन निबंध वाचले गेले. पहिला गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो या तिघांचा. त्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदी पाहिल्या. त्यांना काय आढळलं? डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणजे सूचना खरी आहे. पण त्याच निबंधातली दुसरी गोष्ट अशी, की बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कमध्ये चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही खूण आधी दिसली नव्हती.

इथे मला नैयायिक आठवतात. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. पण उलट म्हणता येतं का, की धूर नाही, म्हणून अग्नी नाही? नाही म्हणता येत. आणि त्यासाठी त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. हात लावून बघा म्हणजे कळेल.

गूगलच्या त्या निबंधातल्या अर्ध्याहून अधिक डिस्क म्हणजे हे लोखंडाचे गोळे. आता व्यवहारात लोक काय करतात? तपासणीचा प्रोग्राम चालवतात, तो हिरव्या अक्षरात "उत्तम" म्हणतो, आणि निश्चिंत होतात. धूर दिसला नाही म्हणून निखारा हातात घेतात. स्मार्टने "आजारी" म्हटलं तर मुकाट्याने ऐका. "निरोगी" म्हटलं तर त्यावर विसंबू नका. धूर दिसला तरी डिस्क आजच जाईल असंही नाही. या आकड्यांवरून एखाद्या विशिष्ट डिस्कचं मरण सांगता येणं कठीण आहे, असाच त्या संशोधकांचा निष्कर्ष होता.

दुसरा निबंध कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा, तोही साधारण एक लाख डिस्कवरचा. डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, बिघाडापर्यंतचा सरासरी काळ दहा लाख तास. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं! म्हणजे आपली डिस्क नातवाच्या नातवापर्यंत चालणार? तसा त्याचा अर्थ नाही. पंचवीस वर्षांच्या हजार तरुणांत वर्षाला एखादा दगावत असेल, म्हणून तरुण हजार वर्षं जगतो असं कुणी म्हणत नाही. तो आकडा समूहाचा आहे. दहा लाख तासांचा अर्थ एवढाच, की वर्षाला शंभरात एकाहून कमी डिस्क जाव्यात. आणि प्रत्यक्षात? या दोघांना वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास आढळलं, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत.

हे गिब्सन म्हणजे १९८८ साली पॅटरसन आणि कॅट्झ यांच्याबरोबर 'रेड' ही कल्पना मांडणारेच. रेडमागचा विचार असा, की डिस्क जाणार हे गृहीतच धरा, आणि बऱ्याच स्वस्त डिस्कवर मजकूर असा वाटून ठेवा की एक गेली तरी बाकीच्यांवरून तो उभा करता येईल. बिघाड टाळायच्या मागे न लागता बिघाडासकट जगायची तयारी करायची. मला हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात प्रौढ विचार वाटतो. मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसलीत तर ती सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसली जाते.

आधी प्रत, मग दुरुस्ती

आता शेवटचा मुद्दा. समजा, निदान झालं. साखळी डिस्कशी अडते आहे, वायर बदलून पाहिली, संशय डिस्कवरच आहे. पुढे?

बहुतेक जण दुरुस्ती करायला धावतात. १९९३ साली एमएस-डॉसच्या ६.२ आवृत्तीबरोबर स्कॅनडिस्क आलं, पुढे विंडोजने अशी तपासणी स्वतःहून सुरू करायची सवय लावली, आणि एका पिढीच्या मनात बसलं की डिस्क आजारी दिसली की हा प्रोग्राम चालवायचा. पण आजार दोन प्रकारचे. एक, वहीची अनुक्रमणिका चुकली, कागद चांगला आहे. वीज अचानक गेली की असं होतं. तिथे हा प्रोग्राम गुणकारी. दुसरा, कागदच कुजत चालला आहे. तिथे अनुक्रमणिका सुधारायला बसणं म्हणजे कुजक्या कागदावर खाडाखोड करणं. प्रत्येक पान उलटताना आणखी तुकडे पडतात, आणि जे पान वाचता आलं नाही ते यादीतून काढूनही टाकलं जाऊ शकतं. नव्याने विंडोज टाकणं तर याहून वाईट. ते जुन्या मजकुरावरच नवं लिहितं.

जुनी पोथी जपणारे ग्रंथपाल काय करतात? पोथी जीर्ण झाली की तिला कमीत कमी हात लावायचा आणि आधी नक्कल उतरून घ्यायची. पाठ शुद्ध करणं नंतर, तेही नकलेवर. २००४ साली अंतोनियो दियास दियास यांनी 'डीडीरेस्क्यू' नावाचा मुक्त प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याची पद्धत नेमकी हीच आहे. तो डिस्कवरचा चांगला, सहज वाचता येणारा भाग आधी भराभर उतरून घेतो. अडलेल्या जागांशी झगडत बसत नाही, त्यांची टाचणं ठेवतो आणि पुढे जातो. सगळं चांगलं हाती आलं की मग त्या अडलेल्या जागांकडे परत वळतो. मधेच डिस्क मेली, तरी बहुतेक मजकूर वाचलेला असतो. मूळ डिस्कवर तो काही लिहीत नाही.

हा क्रम सगळ्यांनी लक्षात ठेवावा. डिस्कमधून टक्‌ टक्‌ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मजकूर मोलाचा असेल तर स्वच्छ खोलीत डिस्क उघडण्याची सोय असलेल्या लोकांकडे द्या. आवाज नसेल, नुसती संथ असेल, तर त्या डिस्कवरून यंत्र चालू करू नका. ती काढून दुसऱ्या यंत्राला लावा, किंवा पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून यंत्र चालू करा, आणि आधी प्रत काढा. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. मग शांतपणे नवी डिस्क आणा. डिस्क विकत मिळते. तुमचा पाच वर्षं लिहिलेला प्रबंध, आईच्या आवाजातल्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण, गावच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितांचे स्कॅन, हे कुठेच विकत मिळत नाही.

आणि हे वाचवण्याचं काम डिस्क गेल्यावर करायचं नसतं. हे सगळं ज्या एका डिस्कवर आहे तिच्याशिवाय दुसरी प्रत नसेल, तर आज, डिस्क धडधाकट असताना, ती काढा. एक प्रत घरात, एक दुसऱ्या ठिकाणी. "अजून तर नीट चालते आहे" हे त्याच्याविरुद्धचं कारण होऊ शकत नाही. धूर नाही एवढंच त्यातून कळतं.

वेळ होत आला आहे. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली: "बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते, हे खरं का?" या समजुतीचा उगम जुन्या डिस्कमध्ये आहे. तेव्हा हेड चिकटे किंवा बेअरिंग धरे, आणि थंडीने धातू आकसून कधीकधी ते सुटत असे. काही डिस्क अशा चालल्या, आणि ज्यांच्या चालल्या त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. ज्यांच्या नाही चालल्या ते गप्प राहिले. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे काय, याची कल्पना करा. करू नका.

दुसरी: "एसएसडी घेतली तर ही कटकट मिटते का?" फिरणारं काही नाही, त्यामुळे घासणं, चिकटणं, टकटक हे सगळं गेलं. धक्क्याचं भय कमी झालं. पण तिच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतात, आणि तिचं नियंत्रक सर्किट बिघडलं तर काल चालणारी डिस्क आज यादीतच दिसत नाही. आवाजाचीही खूण उरली नाही. म्हणजे धूर आणखी कमी झाला. मग प्रत काढायची गरज वाढली की कमी झाली, हे तुम्हीच ठरवा.

थांबतो.